बाळाला काय आठवणार?



मे महिन्याची सुट्टी जवळ आली की घराघरांत सहलीचे बेत शिजू लागतात. पूर्वी हे बेत मामाचे गाव, एखादी जत्रा किंवा फार तर गोराईचे एस्सेलवर्ल्ड इथपर्यंत जात. १९८९ साली ते सुरू झाले आणि आपल्या वसईच्या कितीतरी घरांतली मुले लाँचने खाडी ओलांडून तिथे जाऊन आली. आज तीच मुले आईबाप झाली आहेत. २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका उभे राहिले. शिवाय आपल्यापैकी पुष्कळांची मुले, सुना, जावई नोकरीनिमित्त आखातात, कॅनडात, अमेरिकेत आहेत. तिथून फोन येतो, "तुम्ही या, आपण बाळाला घेऊन डिस्नेलँडला जाऊ." २०२५ च्या मे महिन्यात तर डिस्ने कंपनीने अबू धाबीच्या यास बेटावर असे उद्यान उभारण्याची घोषणाही केली. म्हणजे हा विषय आता आपल्या जेवणाच्या टेबलापर्यंत येऊन पोहोचला आहे.

आणि टेबलावर तो आला की त्याच्यामागून एक वादही येतो. आजोबा म्हणतात, "दीड-दोन वर्षांचं पोर ते. त्याला काय कळतंय? मोठं झाल्यावर त्याला काय आठवणार? पैसे पाण्यात." सूनबाई म्हणते, "पपा, हे दिवस पुन्हा येत नाहीत. त्याच्या बालपणीच्या आठवणी नकोत का?" मुलगा बिचारा दोघांच्या मध्ये, मोबाइलवर तिकिटांचे दर पाहत बसलेला. धर्मगुरू घरी भेटीला गेला तर निवाडा त्याच्याकडे येतो. "फादर, तुम्हीच सांगा." आम्हांला मुले नाहीत, तेव्हा आम्ही या विषयात काय सांगणार, असे कोणी म्हणेल. परंतु दर रविवारी मिस्सेच्या वेळी मंदिराच्या मागच्या बाजूला जी छोटी मंडळी धावत असतात त्यांचे निरीक्षण करायला आमच्याइतकी चांगली जागा कोणालाच मिळत नाही.

आम्हांला या वादात एक गंमत दिसते. आजोबा आणि सून एकमेकांच्या विरुद्ध बोलत आहेत असे वाटते, पण दोघांनीही एकच गोष्ट गृहीत धरली आहे. त्या दिवसाचे मोल त्याच्या आठवणीत आहे, ही ती गोष्ट. आजोबा म्हणतात आठवण राहणार नाही म्हणून जाऊ नका, सून म्हणते आठवण राहावी म्हणून जाऊ या. हे गृहीतच तपासून पाहण्यासारखे आहे.

आधी त्या जागेविषयी थोडे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ॲनहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी पहिले डिस्नेलँड सुरू झाले. त्याची कल्पना कशी सुचली हे वॉल्ट डिस्ने स्वतः सांगत असत. सुट्टीच्या दिवशी ते आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसवायला नेत. मुली घोड्यांवर, आणि बाप बाजूच्या बाकावर शेंगदाणे खात बसलेला. आईबाप आणि मुले दोघांनाही एकत्र मजा करता येईल अशी जागा का असू नये, असा विचार तिथे त्यांच्या मनात आला. त्या पार्कातले एक बाक आजही डिस्नेलँडमध्ये जपून ठेवले आहे. म्हणजे एवढ्या प्रचंड धंद्याच्या मुळाशी एक कंटाळलेला बाप आहे! (शेंगदाण्यांचे श्रेय कोणी देत नाही.)

तिथे दुडूदुडू चालणाऱ्या मुलाला काय करता येते? मोठमोठ्या रोलर कोस्टरला उंचीची अट असते. डिस्नेलँडच्या 'स्पेस माउंटन'साठी ४० इंच, म्हणजे सुमारे १०२ सेंटिमीटर उंची लागते. दोन वर्षांचे मूल साधारण ८६-८७ सेंटिमीटरचे असते. तेव्हा ते सगळे बाद. उरतात ते गोल फिरणारे घोडे, उडणारे हत्ती आणि 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' ही संथ होडी, जिच्या दोन्ही तीरांवर देशोदेशींच्या बाहुल्या गात असतात. ती होडी १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक जत्रेसाठी युनिसेफच्या निमित्ताने तयार झाली आणि १९६६ मध्ये डिस्नेलँडला आली. आईच्या मांडीवर बसून बाळ त्यात जाऊ शकते. तीन वर्षांखालील मुलांना तिथे तिकीटच नाही, त्यामुळे पुष्कळ आईबाप तिसरा वाढदिवस यायच्या आत घाई करून घेतात. जाऊन आलेल्यांना विचारा, बाळाला काय सर्वांत आवडले? उत्तर बहुधा असे येते की तळ्यातली बदके, कारंजे, नाहीतर पार्किंगमधून नेणारी गाडी. आईबापांनी हजारो रुपये मोजले ते किल्ल्यासाठी, आणि पोर बसले बदकांपाशी.

आता आठवणीचा प्रश्न. याबाबतीत आजोबांचे म्हणणे शास्त्राच्या दृष्टीने खरे आहे. बहुतेक मोठ्या माणसांची अगदी पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते, त्याआधीचे सारे पुसलेले असते. हे पुसणे एकदम होत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाला विचारले तर तिसऱ्या वर्षी घडलेले बरेच काही ते सांगते. आठ-नऊ वर्षांचे होईपर्यंत त्यातले पुष्कळसे गळून जाते. तेव्हा दीड वर्षाच्या बाळाला किल्ला, हत्ती, बाहुल्या यांतले काही आठवणार नाही, हे जवळजवळ नक्की. फोटो पाहून ते म्हणेल, "मी इथे गेलो होतो." पण ती फोटोची आठवण, दिवसाची नव्हे.

मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते आपल्या वाचकांना एक प्रश्न विचारत. समजा, सुट्टी संपल्यावर तुमचे सगळे फोटो नष्ट होणार आहेत आणि एक औषध पिऊन त्या सुट्टीची आठवणही पुसली जाणार आहे. तरीही तुम्ही तीच सहल निवडाल का? प्रश्न मार्मिक आहे. त्यांच्या मते आपल्या प्रत्येकात जणू दोघे जण राहतात, एक अनुभवणारा आणि एक आठवणारा. आणि आपण बहुतेक निर्णय आठवणाऱ्याच्या सोयीने घेतो. आमच्या मनात आले की दोन वर्षांच्या बाळाच्या बाबतीत हा प्रश्न कल्पनेतला राहत नाही. त्याने ते औषध घेतलेलेच आहे. त्याच्यात आठवणारा अजून यायचा आहे, घरात फक्त अनुभवणारा राहतो.

अशा जिवाला एक आनंदाचा दिवस देणे वाया आहे काय?

ॲरिस्टॉटलला विचारले असते तर त्याने फारसा उत्साह दाखवला नसता. आपल्या नीतिशास्त्राच्या पहिल्याच भागात तो म्हणतो की लहान मुलाला खऱ्या अर्थाने सुखी म्हणता येत नाही. सुखासाठी परिपक्व सद्गुण आणि पूर्ण आयुष्य लागते. मुलाला आपण सुखी म्हणतो ते पुढच्या आशेपोटी. सेमिनरीत हे वाचले तेव्हा तर्काला धरून आहे असे वाटले होते. आणि तर्काला धरून आहेच, कारण त्याचा सुख हा शब्द सबंध आयुष्याला लावायचा शब्द आहे. पण याचा अर्थ लोक असा घेतात की बालपण म्हणजे केवळ तयारी, खरे जगणे नंतर. आपल्याकडे तर हे फार चालते. बालवाडी पहिलीसाठी, पहिली दहावीसाठी, दहावी नोकरीसाठी. पोर आज हसले याचा हिशेब कोणत्याच वहीत लिहिला जात नाही.

संत ऑगस्टीन यांनी मात्र या पुसलेल्या काळाकडे फार वेगळ्या नजरेने पाहिले. 'कन्फेशन्स' हा ग्रंथ त्यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहायला घेतला, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. आयुष्याची कथा सांगायला सुरुवात करताना ते थबकतात. आपले तान्हेपण आपल्याला आठवत नाही, ते इतरांकडून ऐकलेले आणि दुसऱ्या बाळांकडे पाहून ताडलेले आहे, असे ते प्रांजळपणे सांगतात. आणि त्याच ठिकाणी, जे आठवत नाही त्याबद्दल, आई आणि दाया यांनी पाजलेल्या दुधाबद्दल, ते देवाचे आभार मानतात. आठवत नाही म्हणून मिळालेच नाही असे ते म्हणत नाहीत. आपल्या प्रत्येकाच्या आयुष्याची पहिली तीन वर्षे अशीच आहेत. रात्री-अपरात्री कोणीतरी उठले, कोणीतरी खांद्यावर घेऊन अंगणात फिरवले, अंगात ताप असताना कपाळावर थंड पाण्याची पट्टी ठेवली. यातले आपल्याला काहीच ठाऊक नाही. ते वाया गेले असे म्हणायची कोणाची छाती आहे?

शुभवर्तमानातला प्रसंग आपल्याला पाठ आहे. लोक मुलांना प्रभूकडे आणतात आणि शिष्य त्यांना दटावतात. संत लूक (१८:१५) या ठिकाणी तान्ह्या बाळांसाठी वापरला जाणारा शब्द योजतात, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही. त्या तान्ह्यांपैकी एकालाही मोठेपणी तो स्पर्श आठवला नसणार. शिष्यांचा हिशेब कदाचित आपल्या आजोबांसारखाच असावा. आजही स्नानसंस्काराला जी बाळे येतात ती बहुतेक झोपलेली असतात, काही रडत असतात. त्यांना आठवण राहावी म्हणून आपण थांबत नाही. (फोटोग्राफरची गोष्ट निराळी. "फादर, अँगल मिळाला नाही, पाणी पुन्हा एकदा ओतता का?" असे विचारणारे भेटतात. संस्कार एकदाच होतो, हे त्यांना सांगावे लागते.)

हा प्रश्न बाळांपुरता असता तर आम्ही इतके पाल्हाळ लावले नसते. आजारी लोकांना ख्रिस्तप्रसाद द्यायला आम्ही घरोघरी जातो तेव्हा तोच प्रश्न दुसऱ्या टोकाला भेटतो. विस्मरणाच्या आजाराने पलंगावर बसलेली आजी. दूर राहणारी मुले म्हणतात, "फादर, जाऊन काय करायचं? ती ओळखत नाही. आम्ही निघालो की पाच मिनिटांत विसरते." वाक्य ओळखीचे वाटते ना? बाळाला काय आठवणार आणि आजीला काय आठवणार, हे एकाच घरातले दोन सुस्कारे आहेत. २०१४ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांना काही आनंदाची आणि काही दुःखाची चित्रपट-दृश्ये दाखवली. थोड्या वेळाने काय पाहिले ते रुग्णांना आठवेना, पण मनात उमटलेली भावना आठवणीच्या मागेही टिकून राहिली होती. हे वाचून दिलासा मिळतो. तरीही आम्हांला वाटते की या दिलाशावर सगळी भिस्त ठेवू नये. मागे काहीतरी उरते म्हणूनच भेट चांगली, असे म्हटले तर तो पुन्हा नफ्या-तोट्याचाच हिशेब झाला. उद्या कोणी सिद्ध केले की काहीच उरत नाही, तर आजीकडे जायचे थांबवणार काय? ती पाच मिनिटे हात हातात घेऊन हसली. ती पाच मिनिटे खरी होती.

तेव्हा आजोबांना आमचे उत्तर असे की, दिलेला आनंद विसरला गेला म्हणून वाया जात नाही. पण सूनबाईंनी लगेच बॅग भरायला घेऊ नये, कारण याच उत्तराची दुसरी धार त्यांच्या बाजूला आहे. दिवसाचे मोल जर त्या दिवसातच असेल तर तो दिवस बाळासाठी खरोखर चांगला असला पाहिजे. "आज थोडं रडलं तर रडू दे, मोठेपणी फोटो बघून खूश होईल," हे बोलणे मग चालणार नाही. मोठा माणूस आजचा त्रास उद्याच्या आठवणीसाठी सोसतो. डोंगर चढताना पाय दुखतात, पण नंतर सांगायला मजा येते. बाळाला ही सोय नाही. त्याचे रडणे नंतर कोणतीही आठवण भरून काढणार नाही. ते रडले ते रडलेच.

आणि अशा ठिकाणी मुले फार रडतात, हे जाऊन आलेले सांगतील. एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी दुपारची झोप धरून ११ ते १४ तास झोप लागते. आईबापांनी महागडे तिकीट काढलेले असते, म्हणून सकाळी दार उघडल्यापासून रात्रीच्या आतषबाजीपर्यंत पैसे वसूल करायचे असतात. झोप बाबागाडीतच, उन्हात, लाउडस्पीकरच्या आवाजात. मग माणसापेक्षा मोठे डोके असलेला उंदीर समोर येतो. आपल्याला तो मिकी आहे हे ठाऊक, बाळाला तो फक्त भलामोठा अनोळखी प्राणी. ते किंकाळी फोडते, आणि चार जण मिळून त्याला पुढे ढकलतात, "हस ना, हस ना रे, फोटो काढायचाय." संध्याकाळी नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाहीत. रात्री मात्र नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच फोटो जातो, ज्यात सगळे हसत आहेत.

इथे कोणासाठी काय चालले होते, हा प्रश्न विचारावासा वाटतो. आईबापांना स्वतःसाठी हौस करायची असेल तर त्यात पाप नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी खेळाला आणि विरंगुळ्याला नीतीत मानाची जागा दिली आहे. कधीच न हसणारा आणि दुसऱ्यांच्या आनंदावर विरजण घालणारा मनुष्यही दोषी ठरतो, असे त्यांचे म्हणणे आहे (हे आजोबांना अवश्य वाचून दाखवावे). लहानपणी स्वतःला जे मिळाले नाही ते मुलाच्या निमित्ताने पाहावेसे वाटणे अगदी माणुसकीचे आहे. फक्त ते आपले आहे असे मोकळेपणी म्हणावे. बाळाच्या नावावर आपली हौस फेडली की बाळाकडून कृतज्ञतेची अपेक्षा सुरू होते. "तुझ्यासाठी एवढा खर्च केला आणि तू भोकाड पसरतोस?" दोन वर्षांच्या जिवाने काही मागितले नव्हते.

पैशाबद्दल थोडेच बोलतो. हौसेला मोल नाही असे आपण म्हणतो, पण ऋण काढून सण करू नये असेही आपलेच लोक सांगून गेले. हप्त्यांवर सहल काढणाऱ्या तरुण जोडप्यांची आम्हांला काळजी वाटते, कारण तो हप्ता फेडायला बापाला जादा पाळी करावी लागते आणि बाळाला बाप लागतो तो संध्याकाळी. रांगेचेही तसेच. १९९९ पासून डिस्नेच्या उद्यानांत रांग टाळण्याचा पास सगळ्यांना फुकट मिळत असे, २०२१ मध्ये ती पद्धत जाऊन पैशाची आली. रांगेत सगळे सारखे, एवढा तरी धडा मुलांना तिथे मिळत होता, तो गेला याचे आम्हांला वाईट वाटते. दोन वर्षांच्या मुलाला रांगेत तास-दीड तास उभे करणे योग्य नाही हेही खरे, म्हणून एखाद्याने असा पास काढला तर आम्ही त्याला बोल लावणार नाही.

मग जायचे का? जमत असेल तर जरूर जा. पण बाळाच्या घड्याळाप्रमाणे. सकाळी लवकर पोहोचा, तीन-चार गोष्टी पाहा आणि दुपारी त्याला त्याच्या झोपेसाठी खोलीवर परत आणा, मग तिकिटाचे अर्धे पैसे बुडाले असे कोणी म्हटले तरी चालेल. घोड्यांवर पाचव्यांदा बसायचे म्हणाले तर पाचव्यांदा बसवा. उंदीर नको म्हणाले तर उंदीर नको. बदकांपाशी अर्धा तास रमले तर घाई करू नका, किल्ला कुठे पळून जात नाही. मोठ्यांना रोलर कोस्टरची हौस असेल तर तिथे एक चांगली सोय आहे. आई जाऊन येईपर्यंत बापाने बाळाजवळ थांबायचे, मग त्याच रांगेत पुन्हा उभे न राहता बापाने जायचे. ज्यांना इतक्या दूर जाणे शक्य नाही त्यांनी फेस्ताच्या दिवसांत लागणाऱ्या पाळण्यांकडे बाळाला न्यावे. उंची मोजणारे तिथे कोणी नसते, म्हणून मोठ्या पाळण्यात मात्र बसवू नये.

आणि शक्य असेल तर आजोबांनाही बरोबर न्या. सगळे आत गेल्यावर बाबागाडीपाशी बसायला कोणीतरी लागतेच. बसायला बाके असतात, आणि घरून निघताना पिशवीत थोडे शेंगदाणे टाकता येतात.